थोरल्या महाराजांचा फोटो

॥ श्री विठ्ठल रखुमाई प्रसन्न ॥



या ग्रंथाच्या पहिल्या पानावर थोरल्या महाराजांचा फोटो आहे. त्यात महाराजांच्या पायाशी जागा कोरी दिसेल. ती छापखान्याची चूक नाही, आम्हीच तशी ठेवायला लावली. आणि महाराजांच्या शेजारी डोक्यावर तुळस घेऊन एक बाई उभी दिसेल. देवळातल्या फोटोत ती आजवर कुणी पाहिली नव्हती. ती कुठून आली, असं मंडळी विचारतील. म्हणून शताब्दी मंडळानं आम्हाला सांगितलं की बुवा, दिंडीचा इतिहास बाकीचे लिहीत आहेत, तुम्ही फोटोचा इतिहास लिहा. आम्ही चौथी शिकलेले कास्तकार. वावरात पऱ्हाटी आणि तूर, आणि मुखी नाम, एवढीच आमची इस्टेट. कीर्तनात बोलणं सोपं, कागदावर लिहिणं अवघड. तरी या फोटोचं देणं आमच्यावर आहे. ते का, ते पुढं येईलच.

महाराजांनी दिंडी काढली तेव्हा पैनगंगेच्या अलीकडे इंग्रजांचा अंमल होता आणि पलीकडे निजामाची मोगलाई. आपल्या जिल्ह्याला आधी वणी जिल्हा म्हणत, १९०५ साली त्याचं नाव यवतमाळ झालं. जुनी माणसं येवतमाळ म्हणत, अजूनही म्हणतात. दिग्रस, पुसद करत दिंडी पैनगंगा ओलांडायची, मग नामदेवरायांचं नरसी, औंढ्या नागनाथ, जनाबाईचं गंगाखेड, परळी, अंबाजोगाई, असं चालत चालत चंद्रभागा. मोगलाईतल्या गावांनी आपल्या लोकांना भाकरी घातली, निवारा दिला. १९४८ च्या सप्टेंबरात मोगलाई सरली, पण मुक्कामाची घरं तीच राहिली. हे घर ध्यानात ठेवा, पुढं कामी येणार आहे.

महाराज फोटो काढून घ्यायला तयार नव्हते, असं आमचे वडील सांगत. "देहाचं चित्र कशाला, नाम घ्या," म्हणत. शेवटी मंडळींनी दारव्ह्याच्या मोतीबाग ठेसनावरून त्यांना मूर्तिजापूरच्या गाडीत बसवलं. तीच आपली शकुंतला, यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, कापसासाठी टाकलेली लहान रुळांची गाडी. पुढं शहरात जाऊन फोटो निघाला. त्या काळी फोटो फिल्मवर नाही, काचेच्या प्लेटीवर निघे. फोटोवाला कापडात डोकं घाली आणि म्हणे, हलू नका. महाराज वीणा घेऊन बसले आणि हलले नाहीत. वडील म्हणत, त्यांना हलू नका सांगायची गरजच नव्हती, एकदा वीणा गळ्यात आली की ते तसेही जागचे हलत नसत.

फोटो काढायची विद्या जगात १८३९ साली जाहीर झाली, फ्रान्स देशात, दागेर नावाच्या माणसाची. चांदी चढवलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चेहरा उमटवायची ती रीत. आपल्या मुंबईत १८५४ साली फोटोग्राफीची आवड असलेल्या लोकांनी एक सोसायटी काढली. डॉक्टर भाऊ दाजी लाड तिच्यात होते. पोटापाण्याचा धंदा वेगळा आणि फोटोची हौस वेगळी, असे ते लोक. एकमेकांना दाखवायचं, विचारायचं, शिकायचं. हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण महाराजांचा फोटोही शेवटी तशाच हौशी माणसांनी वाचवला.

आता आमची चूक सांगतो. आजवर ती फक्त आमच्या घरात ठाऊक होती.

फोटो देवळात चौकटीत होता. दर एकादशीला काचेवर गंध, कुंकू, बुक्का लागायचा. समईची काजळी, धूप, कापूर. पावसाळ्यात भिंत ओली. काच आणि फोटो एकमेकांना भिडलेले, मधी हवेला जागा नाही. आम्ही तेव्हा ऐन विशीत होतो, नवीनच वीणा मिळालेली, सेवेचा उत्साह मोठा. आषाढीच्या आधी वाटलं, महाराजांचं मुख स्वच्छ करावं. चौकट खाली घेतली, ओल्या फडक्यानं काच घासली, पाणी आत गेलं. मग काच काढून पुसावी म्हणून ओढली. फोटो काचेला चिकटलेला होता. महाराजांचा डावा गाल आणि डावा डोळा काचेबरोबर निघून आला.

आम्ही रडलो. वडिलांनी मारलं नाही, बोललेही नाहीत, ते जास्त लागलं. काचेवर महाराजांच्या मुखाचा तुकडा होता, तो पायदळी जाऊ नये म्हणून वडिलांनी ती काच अरुणावतीत विसर्जन केली. फोटोला दुसरी काच बसवली आणि फाटलेल्या जागेवर मोठा हार. तेव्हापासून देवळात महाराजांना उजव्या अंगापेक्षा डाव्या अंगाला जास्त फुलं का असतात, हे कुणी विचारलं नाही.

शताब्दी जवळ आली आणि मंडळ म्हणालं, ग्रंथात फोटो पाहिजे. हार काढावा लागला.

आमचा नातू पुण्याला शिकतो. त्याला जुने फोटो नीट करायचा नाद आहे. त्यानं फोटो पाहिला आणि म्हणाला, "आबा, एकट्याचं काम नाही." मग त्यानं त्याच नादाची माणसं जमवली. दिग्रसकडचे एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर, दारव्ह्याकडचा फ्लेक्सचे बोर्ड करणारा एक पोट्टा, नागपूरची एक मुलगी जी बँकेत नोकरी करते, आणि एक जुने स्टुडिओवाले, ज्यांचं दुकान मोबाईल आल्यावर बंद पडलं. कुणी पैसा घेतला नाही. कार्तिकी झाल्यावर सप्ताहात सगळे देवळात आले, काल्याचा प्रसाद घेतला आणि फोटोभोवती बसले.

स्टुडिओवाल्यांनी पहिला प्रश्न विचारला, "काऊन जी महाराज, ती काच कुठं हाय?"

आम्ही सांगितलं, नदीत.

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "काचेवरचा तुकडा काचेतून सरळच दिसला असता. त्याचा फोटो काढून जागेवर बसवला असता, तर काम तिथंच झालं असतं." मायबाप, भक्तीनं केलेलं विसर्जन आमच्या काळजाला त्या दिवशी पुन्हा एकदा लागलं.

मग त्यांनी समजावलं की जुना फोटो म्हणजे काय. कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात चांदीचे बारीक बारीक कण. काळं दिसतं ते चांदीचं. जिलेटिन पाण्यानं फुगतं आणि वाळताना जे लागून असेल त्याला चिकटतं, म्हणून काच ओढली की फोटो सोलतो. ओलीनं बुरशी येते, आणि कसर तो थर खाते. हे जिलेटिन जनावराच्या हाडा-कातड्यापासून करतात, असं मास्तर बोलून गेले आणि आमचे दोन माळकरी सावरून बसले. आम्ही म्हणालो, मृदंगाला काय लावलं आहे? त्यावर पांडुरंग नाचतोच की! मग मंडळी हसली आणि काम पुढं चाललं.

पहिल्यांदा त्यांनी फोटोला हातच लावला नाही. आहे तसा त्याचा मोठा फोटो यंत्रावर घेतला, इंचात १२०० ठिपके या मापानं. जे करायचं ते त्या नकलेवर, मूळ फोटो तसाच कापडात. आम्हाला ही रीत फार आवडली. मुळाला धक्का नाही आणि चुकलं तर माघारी येता येतं.

मग कुंकवाचे डाग. गेल्या कैक वर्षांत काचेच्या फटीतून कुंकू आणि गंध आत झिरपलं होतं. कपाळ, छाती, सगळं लाल-पिवळं. आम्हाला वाटलं हे आता खरवडतील. नागपूरच्या मुलीनं सांगितलं, "आबा, रंगीत फोटो म्हणजे तीन फोटो एकावर एक असतात. एक लाल उजेडाचा, एक हिरव्या, एक निळ्या. लाल काचेतून पांढऱ्या कागदावरचं लाल शाईचं लिहिणं दिसतं का?" आम्ही म्हणालो, नाही दिसत. "तसंच," ती म्हणाली. तिनं हिरवा आणि निळा बाजूला केला, एकटा लाल ठेवला. आणि मायबाप, पन्नास वर्षांचं कुंकू डोळ्यांदेखत नाहीसं झालं! खाली महाराजांचं कपाळ जसंच्या तसं. कुणी काही खरवडलं नाही, कुणी काही रंगवलं नाही. पाहण्याची रीत बदलली एवढंच. आम्ही त्यानंतर दोन कीर्तनांत हा दृष्टांत दिला.

बुक्क्याचा डाग मात्र गेला नाही, कारण काळं कुठल्याही उजेडात काळंच. कपाळावर एक काळा ठिपका राहिला. फ्लेक्सवाला म्हणाला, पुसून टाकू. मास्तर म्हणाले, थांब.

आता राहिला गाल, डोळा आणि पाय. पायाकडचा भाग कसरीनं साफ खाल्ला होता. फ्लेक्सवाल्या पोट्ट्यानं मोबाईलवर त्या नव्या यंत्रबुद्धीला, एआयला, फोटो दिला. पाच मिनिटांत फोटो तयार. दोन डोळे, भरलेले गाल, तुळतुळीत कातडी, रंगीत फेटा, आणि खाली सुंदर गोरे पाय. देवळात जमलेली मंडळी खुश झाली, कुणी हात जोडले. पण आमच्या गावात नव्वदीच्या पुढच्या एक माय आहेत, लहानपणी त्यांनी महाराजांना पाहिलं आहे. त्यांना मोबाईल दाखवला. त्यांनी पुष्कळ वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "कोणं आहे हा?"

तिथंच आम्हाला नाथमहाराज आठवले.

माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९०. पुढं तीनशे वर्षं हातानं उतरून घेताना तिच्यात चुका शिरल्या. कुणी शब्द चुकला, कुणी आपल्या पदरची ओवी घातली. नाथमहाराजांनी प्रती मिळवल्या, एकीशी दुसरी ताडून पाहिली आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, भाद्रपदात कपिलाषष्ठीला शुद्ध प्रत पुरी केली. नाथांना ओवी लिहिता येत नव्हती का? नाथभागवत लिहिणारे ते! पण त्यांनी माउलींच्या ग्रंथात आपली एक ओवी घातली नाही, आणि पुढच्यांनाही बजावलं की इथं कुणी आपली ओवी घालील तर ते अमृतानं भरलेल्या ताटात करवंटी ठेवल्यासारखं होईल. मंडळी, फोटोलाही हाच नेम. मागून चिकटलं ते काढायचं, हरवलं ते दुसऱ्या प्रतीत शोधायचं, आणि नाही सापडलं तर आपल्या पदरचं घालायचं नाही.

कुणी म्हणेल, तुकोबारायांचं चित्र तरी कुठं खरं आहे? बरोबर. तुकोबांच्या काळी फोटोच नव्हता. १९३६ साली प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' आला, दामले आणि फत्तेलाल यांनी काढलेला. विष्णुपंत पागनीसांनी त्यात तुकोबा असे उभे केले की पुष्कळांच्या मनात तुकोबा म्हणजे तोच चेहरा बसला. तो सिनेमा दुसऱ्या साली इटलीत व्हेनिसच्या मेळ्यात वाखाणला गेला. ते चांगलंच झालं. जिथं चेहरा उरलाच नाही तिथं भक्तानं मनात मूर्ती करावी. पण जिथं खरा चेहरा अर्धा का होईना उरला आहे, तिथं त्याच्यावर परका चेहरा चिकटवणं म्हणजे खरं होतं तेही पुसणं.

मग आम्ही ठरवलं, नाथांसारखं प्रती शोधू. दिंडीच्या वाटेवरच्या सगळ्या मुक्कामांना निरोप गेले. चार-सहा ठिकाणी फोटो निघाले, पण दुसऱ्याच महाराजांचे. आणि मग पैनगंगेपलीकडच्या एका घरून फोन आला. तीन पिढ्या तिथं आपल्या दिंडीची पंगत होते. आम्ही आणि नातू एसटीनं गेलो. घरधन्यानं माळ्यावरून लाकडी पेटी काढली. पेटीत पोथी, पोथीच्या बासनात एक फोटो. चौकट नाही, काच नाही, गंध नाही, कुंकू नाही. अंधारात आणि कोरड्यात पडून होता. पुष्कळ फिका झाला होता, पण डावा गाल होता, डावा डोळा होता. एकाच काचेच्या प्लेटीवरून निघालेला हा दुसरा कागद. आम्ही ज्याची रोज पूजा केली तो फाटला, आणि ज्याची कुणी पूजा केली नाही, नुसता जपला, तो टिकला.

त्या फोटोच्या कपाळावर तोच काळा ठिपका होता. तो डाग नव्हता, महाराजांनी स्वतः लावलेला बुक्का होता. मास्तर थांब म्हणाले म्हणून राहिला.

आणि तो फोटो देवळातल्या फोटोपेक्षा रुंद होता. देवळातल्या फोटोत महाराजांच्या शेजारी, अगदी कडेला, बारका काळपट पट्टा आणि त्यावर चार पांढरे ठिपके होते. आम्ही लहानपणापासून ते ओलीचे डाग समजत होतो. एआयनंही डाग समजून पुसले होते. इथं पूर्ण फोटोत दिसलं की पट्टा म्हणजे पताकेची काठी आणि चार ठिपके म्हणजे ती धरणारी बोटं. बोटं एका बाईची. अनवाणी, नऊवारी, एका हातानं डोक्यावरचं तुळशीवृंदावन सावरलेलं, दुसऱ्या हातात पताका. चौकटीत बसावा म्हणून कुणीतरी कधीतरी देवळातला फोटो कापला होता. बाई गेली, बोटं राहिली.

गावात विचारलं. नव्वदीच्या मायना त्यांच्या सासूनं सांगितलेलं एवढंच आठवतं की महाराजांसोबत एक तुळसवाली होती, ती मुक्कामाला पोचली की वीणा उतरायच्या आधी जात्यावर बसायची. नाव? "नाव कोण घेत होतं बाप्पा बाईचं," माय म्हणाल्या. दिंडीच्या जुन्या वहीत चोपदारांचं नाव आहे, मृदंग्याचं आहे, बैलगाडी देणाऱ्याचं आहे. तिचं नाही. आम्ही गंगाखेडच्या मुक्कामात जनाबाईच्या जात्यावर तासभर कीर्तन करतो, आणि आपल्याच दिंडीतली दळणारी आम्हाला ठाऊक नाही. आम्हाला त्या रात्री झोप लागली नाही.

देवळात बैठक झाली. दोन प्रश्न होते. वडीलधारे म्हणाले, शंभर वर्षं महाराजांचा एकट्याचा फोटो आहे, तसाच ठेवा, बाई कापा. आणि दुसरं, पाय करून घ्या. पाय दोन्ही प्रतींत गेलेले होते. त्या दुसऱ्या प्रतीलाही खालून कसर लागली होती. एक आजोबा कळवळून म्हणाले, "महाराजांना पायच नाहीत, तर आम्ही माथा कुठं टेकावा?" त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. वारकऱ्याला मुखापेक्षा चरण मोठे.

तेव्हा आम्ही उभे राहिलो आणि काचेची गोष्ट सगळ्यांसमोर पहिल्यांदा सांगितली. म्हणालो, मंडळी, आम्ही उत्साहाच्या भरात एकदा महाराजांचं मुख स्वच्छ करायला गेलो आणि अर्धं मुख घालवून बसलो. आता पुन्हा उत्साहात परके पाय लावू नका. एकदा ते छापले की पन्नास वर्षांनी आपली नातवंडं म्हणतील, हेच महाराजांचे चरण. त्यांना कोण सांगणार? कोरी जागा ठेवा. कोरी जागा खोटं बोलत नाही. आणि माथा टेकायचा तर पंढरीला नामदेव पायरी आहे. नामदेवराय सगळ्यांच्या पायाखाली जाऊन बसले. त्यांच्या भक्तीला कुणाचं चित्र लागलं? बाईचंही तसंच. जी आजपर्यंत कापली ती आता तरी कापू नका.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तेच आजोबा म्हणाले, "तुळस कापत नसतात." ठराव तिथंच झाला.

पुढचं काम दोन महिने चाललं. डावा गाल आणि डोळा दुसऱ्या प्रतीतून घेतला, मोठा करून, फिका होता तो गडद करून, आपल्या प्रतीच्या सुरकुतीला सुरकुती जुळवून. मास्तर एकेक बारीक चीर भरत होते, आणि जिथं चीर आहे की सुरकुती हे कळेना तिथं दोन्ही प्रती शेजारी ठेवून पाहत. दोन्हीकडे असेल ती सुरकुती, एकीकडेच असेल ती चीर. रंग भरला नाही. फेटा कोणत्या रंगाचा होता हे फोटोला ठाऊक नाही. नव्वदीच्या मायना पुरा झालेला फोटो दाखवला. त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले.

आता ज्यांच्या घरी आईबापांचे, गुरूंचे जुने फोटो आहेत त्यांना आमची हात जोडून विनंती. काचेला गंध-कुंकू लावू नका, लावायचं तर चौकटीच्या लाकडाला लावा. काच आणि फोटो यांच्यामध्ये पुठ्ठ्याची कड घालून हवेला जागा ठेवा. ओलं फडकं फिरवू नका. ओल्या भिंतीला, समईच्या वर, उन्हात फोटो टांगू नका. चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट तसाच जाणत्याकडे न्या. लॅमिनेशन करू नका, डिंक लावू नका. तुकडा पडला तर टाकू नका, विसर्जनही करू नका, कागदात जपून ठेवा. चांगला उजेड पाहून त्याचा फोटो काढा आणि चार घरी ठेवा. आणि सगळ्यात मोठं, फोटोच्या पाठीमागं पेन्सिलीनं नावं लिहा, सगळ्यांची. मधी बसलेल्याचं लोकांना आठवतं. कडेला उभ्या असलेल्याचं लिहिल्याशिवाय राहत नाही.

त्या माउलीचं नाव कुणाला सांगता आलं तर दिंडीला कळवावं. तोवर पहिल्या पानावर तिच्याखाली आम्ही 'तुळसवाल्या माय' एवढंच छापलं आहे.

अडाण्याचं लिहिणं आहे, चुकलं-माकलं लेकराचं समजून पदरात घ्यावं.

रामकृष्ण हरी.